बोंडू बाराला भीत नाही

आमच्या वाडीत कुणालाही विचारा, सावित्रीकाकूचा कुत्रा कसा आहे, तर तो एकच सांगेल, "बाराला भीत नाही हो!" सांगेल नाही तर काय? मीच सांगून सांगून सगळ्यांचे कान किटवलेत. दुसऱ्यांची कुत्री दिवाळीत फटाका वाजला की खाटेखाली घुसून थरथरतात, आणि आमचा बोंडू बार वाजला की कान टवकारून उभा. लग्नात, बारशात, रेशनच्या रांगेत, चार माणसं भेटली की माझं हेच पुराण. आता कुणी बोंडूचं नाव काढलं तरी मान वर होत नाही. फुशारकी मारायची मी आणि फेडायची मुक्या जनावरानं, ही कुठली रीत?

आमची आंब्याच्या कलमांची बाग घराच्या वरच्या अंगाला आहे, कातळाच्या कडेनं. मोहोर फुटायला लागला की वानरांच्या टोळ्या उतरतात. खातात थोडं, मोडतात जास्त. वानराला मारायचं नाही, मारुतीचा वंश तो. मग दिवाळीतले सुतळी बॉम्ब राखून ठेवायचे आणि बार काढायचा. पण वानरं मेली आता हुशार झालीत. नुसता बार वाजला तर फांदी बदलतात आणि आपल्याकडेच बघत बसतात. त्यांच्या मागे कुत्रा लागावा लागतो.

बोंडू काजूखाली सापडला होता. तळहाताएवढं पिल्लू, अंगाचा रंग काजूच्या पिकल्या बोंडासारखा, म्हणून बोंडू. त्याला मी मांडीवर घेऊन बार ऐकायला शिकवलं. दचकला तर पाठीवरून हात फिरवायचा, नाही दचकला तर सुक्या बांगड्याचा तुकडा. मोठा झाल्यावर बार वाजला की मी ओरडायची, "धर, बोंडू!" आणि तो आवाजाच्या दिशेनं सुटायचा. वानरं पार कातळापलीकडे घालवून परत यायचा आणि माझ्या कमरेच्या पिशवीला नाक लावून उभा राहायचा. तुकडा मिळाल्याशिवाय हलणार नाही. "आधी माझं दे," असंच जणू म्हणायचा, गुलाम.

आणखी एक गोष्ट शिकवली होती, उंबरठा. वाडीचं कुत्रं बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, माणसं घरात, हा माझ्या सासूपासूनचा कायदा. लहान असताना एकदा माशाच्या वासानं आत आला, तर केरसुणीनं असा झोडला की पुन्हा त्यानं कधी आत पाऊल टाकलं नाही. पावसातसुद्धा पडवीच्या कडेला अंग चोरून बसायचा. मी येणाऱ्याजाणाऱ्याला तेही दाखवायची. म्हणायची, बघा, शिस्त म्हणतात ती ही.

नाताळच्या सुट्टीत आमची ईशा मुंबईहून आली. नोकरीला लागल्यापासून ती एकटीच राहते, आणि एकटीला करमत नाही म्हणून तिनं एक कुत्री पाळली आहे. पांढरी, केसाळ, हातभर. नाव कुकी.

"कुकी? अगो, ती खायची वस्तू ना?" मी म्हटलं.

"आणि बोंडू काय अंगावर घालायची वस्तू आहे का?" तिनं तिथल्या तिथे परतवलं. पोरगी माझीच, जिभेला धार असायचीच.

हे पडवीत बसून हसले. हे म्हणजे काशीराम, माझे यजमान. एसटीत ड्रायव्हर होते, दापोली डेपोला. सगळं बोलणं हॉर्ननं करायची सवय, घरात तोंड उघडलं तर नशीब.

ईशा आल्यापासून घरात कायदेच कायदे. नाताळचा केक आणला होता, त्यातला तुकडा मी बोंडूला टाकायला गेले तर हात धरला. "आई, मनुका आहेत त्यात. कुत्र्यांना विष असतं ते." तळलेल्या कोंबडीचं हाडूक टाकलं तर ते उचललं, घशात टोचतं म्हणे. मी म्हटलं, आता एवढी वर्षं हा काय हवा खाऊन जगला? पण ती ऐकते कुठे. एकतीस तारीख जवळ यायला लागली तसं तिचं नवीन सुरू झालं. फटाके वाजणार, जनावरांना आत घ्यायचं, खिडक्या लावायच्या, रेडिओ मोठा करायचा, पाणी भरून ठेवायचं.

"ते तुझ्या राणीसाहेबांना कर," मी म्हटलं. "आमचा बोंडू बाराला भीत नाही."

एकतिसाला दुपारी विनोद आला. पाखाडीच्या पायऱ्या उतरून रस्ता ओलांडला की किनाऱ्याला जे नवीन रिसॉर्ट झालंय, तिथला तो मॅनेजर. बिचारा चांगुलपणानं घरोघर सांगत फिरत होता. "काकू, पाहुणे खूप आहेत. सूर्य बुडाला की लगेच आतषबाजी आहे, पोरंबाळं आहेत म्हणून लवकर ठेवलीय. गुरं, कुत्री जरा आत बांधा हां."

"विनोद, तुला माहीत नाही, बोंडू..."

"बाराला भीत नाही," त्यानंच वाक्य पुरं केलं. "माहीत आहे काकू. पण आमच्याकडे मुंबईवरून पेट्याच्या पेट्या आल्यात. बांधाच."

म्हणजे ईशानं सांगितलं होतं, विनोदनं सांगितलं होतं. ह्यांनीसुद्धा चहा पिताना "बांधू काय गो त्याला?" म्हणून विचारलं होतं. देवानं तीन तीन माणसांच्या तोंडून सांगितलं, आणखी काय त्यानं स्वतः खाली उतरून यायचं होतं? पण माझ्या डोक्यात वारं शिरलेलं.

संध्याकाळी ईशानं माजघराच्या खिडक्या लावल्या, पडदे ओढले, कुकीला चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं. मग पुन्हा उठून दारात आली. बोंडू खळ्यात तुळशीजवळ बसला होता.

"आई, एका तासाचा प्रश्न आहे. घे ना त्याला आत."

"वाडीचं कुत्रं घरात घेतलं तर उद्या पलंग मागेल."

"मग पडवीत तरी बांध."

"बांधायला तो काय चोर आहे? तुझ्या त्या बाहुलीला बांध. ते कुत्रं आहे की कापूस? हा बघ, याला म्हणतात कुत्रा!"

तिचे डोळे भरले. "तुला मिरवायचं असतं गं त्याला. त्याच्यावर जीव नाहीये तुझा." एवढं बोलून तिनं दार लावून घेतलं. आत रेडिओ मोठ्यानं लागला.

मला लागलं ते. अगदी आतून लागलं. जीव नाही? पिल्लाला कापसानं दूध पाजलेली मी, आणि ही शहाणी मला शिकवणार? कानशिलं तापली नुसती. आणि तेवढ्यात खाली पहिला बार उडाला.

बोंडू उठला. कान ताठ, शेपूट वर, आणि नजर माझ्याकडे. बार कुठला, कुणाचा, त्याला काय ठाऊक? बार वाजला म्हणजे काम आलं, आणि काम म्हणजे माझा शब्द. तो नुसता उभा होता माझ्याकडे बघत. मी गप्प राहिले असते तर तो तिथेच उभा राहिला असता. हे मला आता रोज आठवतं.

पण मला दाखवायचं होतं. वर बागेत जाईल, एक चक्कर मारेल, ऐटीत परत येईल, मग दार उघडून ईशाला म्हणेन, ये बाहेर आणि बघ. मी छाती फुगवून ओरडले, "धर, बोंडू!"

तो वर गेलाच नाही. आवाज खालून आला होता. आवाजाच्या दिशेनं जायचं हे मीच शिकवलेलं. तो खळ्याच्या दगडी गडग्यावरून उडी मारून पाखाडीनं सुसाट खाली गेला.

"बोंडू! अरे मेल्या, परत ये! बोंडू!" मी घसा फोडला. पण खाली आता एका बारावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, आभाळ लाल-हिरवं झालेलं. माझी हाक मलाच ऐकू येईना. पडवीत हे उठून उभे राहिले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, चपला घातल्या आणि खाली धावले.

मी मागून गेले. रस्त्यावर गाड्यांची रांग, रिसॉर्टच्या वाळूत ही गर्दी. पोरं किंचाळतायत, गाणी लागलीयत. विनोद मला बघून पळतच आला. त्याचा चेहरा बघूनच मी ओळखलं.

"काकू, तो थेट फटाक्यांवरच धावून गेला हो. भुंकत भुंकत. भुईनळा पेटलेला, त्याच्यावर झडप घातली. आम्ही ओरडलो, पाणी मारलं, तर तसाच सुरूच्या झाडांत पळाला."

आमच्या बागेत बार एकदाच वाजतो आणि विझतो. बोंडू पोचेपर्यंत नुसता धूर उरलेला असतो. हे वाजतच राहतंय, पळत नाहीये, म्हणून त्यानं ते तोंडानं धरलं. धर म्हटलं होतं ना मी.

ह्यांना तो एका उपड्या होडीखाली सापडला. तोंड भाजलेलं, डावा डोळा मिटून सुजलेला, पुढचा एक पाय वर धरलेला. आणि मला बघून त्यानं शेपूट हलवली. मला बघून! मी तिथेच वाळूत बसले आणि तोंडात पदर कोंबला.

घरी आणल्यावर मी हळद आणि खोबरेल घेऊन धावले. ईशानं माझा हात बाजूला केला. "नाही आई, भाजल्यावर तसलं काही लावायचं नाही. गार पाणी दे." तिनं पाण्याची धार धरली, ओलं फडकं गुंडाळलं, कुणाकुणाला फोन लावले, दापोलीतल्या जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं आणि विनोदच्याच गाडीतून आम्ही त्याला घेऊन गेलो. वाटभर तो माझ्या मांडीवर होता, पिल्लू असताना असायचा तसा.

डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शनं दिली, मलम लावलं. "डोळा गेला हा," ते म्हणाले. "तोंडाच्या जखमा भरतील, पण पोटात अन्न गेलं पाहिजे. खायला लागला तर वाचेल. नाही खाल्लं तर मी काही सांगू शकत नाही. वाईट वाटून घेऊ नका, फटाक्यांना घाबरून कुत्री अशीच सैरावैरा धावत सुटतात."

परत गाडीत बसल्यावर ईशानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ऐकलंस ना? तुझी चूक नाही. तुला वाटलं तो भीत नाही, पण घाबरला गं बिचारा. मी उगीच तुला तसं बोलले. सॉरी."

तिनं माझी माफी मागितली! तिथेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. गाडीच्या आरशात हे माझ्याकडे बघत होते. त्यांनी ऐकलं होतं सगळं, पडवीतच तर होते.

घरी आल्यावर त्याला आत घ्यायला ईशा तयार होती, पण बोंडूचा नुसता वास लागला तरी कुकी आतून अंगावर यायची. मग ह्यांनी पडवीत गोणपाट आणि जुनी गोधडी घातली, माशा बसू नयेत म्हणून वर मच्छरदाणी बांधली. नवीन वर्ष आमच्याकडे असं आलं.

बोंडू खाईना. मी तांदळाची मऊ पेज केली, त्यानं तोंड फिरवलं. दूध ठेवलं, अंडं ठेवलं. ईशानं कोंबडीचं पाणी काढून गाळून दिलं. नुसता हुंगायचा आणि मान टाकायचा. ईशा पिचकारीनं थोडं थोडं पाणी त्याच्या ओठांच्या कडेनं सोडायची, तेवढंच काय ते पोटात. अंगावरच्या फासळ्या दिसायला लागल्या. तिनं ऑफिसात फोन करून सुट्टी वाढवून घेतली. दिवसभर त्याच्याजवळ बसून सांगायची, "घाबरू नकोस हं बोंडू. आता नाही कुणी वाजवणार. घाबरू नकोस." मी चुलीजवळ बसून ते ऐकायची. प्रत्येक "घाबरू नकोस"ला मला चटका बसायचा. तो कधीच घाबरला नव्हता. भोळा जीव माझ्या शब्दावर विस्तवात गेला होता, आणि मी त्याला घरात सगळ्यांपुढे भित्रा ठरवून बसले होते. त्याचं एवढं एक नाव होतं, तेसुद्धा मी खाल्लं.

वाडीतली माणसं बघायला यायची. "घाबरला असेल हो," म्हणायची. "मुकं जनावर, काय करणार." मी मान हलवायची. चोरानं देवळात बसून माळ जपावी तशी माझी गत.

एकदा हे विहिरीवर मला एकटी गाठून म्हणाले, "सावित्री, सांगशील तेव्हा सांग. पण तू सांग. मी सांगणार नाही." एवढंच बोलले आणि कळशी उचलून गेले.

मी ठरवायची, आज जेवताना सांगू. जेवताना वाटायचं, पोरीच्या घशाखाली घास उतरणार नाही, उद्या सांगू. भित्री कोण, सांगा बघू?

मग एका सकाळी शेजारच्या नितेशच्या बागेत वानरं आली आणि त्यानं बार काढला. बार कसला, दणकाच. घरात कुकी किंचाळून कॉटखाली गेली. "अगं आई गं, बोंडू!" म्हणत ईशा चहा टाकून पडवीत धावली आणि मच्छरदाणी वर करून तिनं त्याला कवेत घेतलं.

बोंडूनं तिच्या हातातून अंग सोडवून घेतलं. उठला. तीन पायांवर, लटपटत, पण उठला. एक कान ताठ झाला, दुसरा भाजलेला होता तो अर्धाच झाला. शेपूट वर. आणि उरलेला एक डोळा माझ्यावर.

मी दारात उभी होते. तो शब्दाची वाट बघत होता.

ईशा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आई, हा थरथरत नाहीये," ती हळू म्हणाली. "हा कुठे घाबरलाय?" मग तिनं त्याची नजर कुठे लागलीय ते बघितलं. "आणि तुझ्याकडे काय बघतोय असा? ... मग त्या दिवशी हा खाली पळाला कशाला?"

"पळाला नाही," मी म्हटलं. "मी पाठवला."

"काय?"

"मी म्हटलं, धर बोंडू. तू दार लावून घेतलंस, मला राग आला. तुला दाखवायचं होतं. वाटलं, बागेत जाईल. तो गेला आवाजावर. मी शिकवलं तसाच गेला. ईशा, तो नाही गो घाबरला. तो कामाला गेला होता."

वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी ओरडण्याला सरावलेली बाई. ती बोंडूच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आणि मी एवढे दिवस त्याला समजावतेय, घाबरू नकोस म्हणून. तू ऐकत होतीस ना?"

"ऐकत होते."

तिनं तोंड फिरवून डोळे पुसले. हे खळ्यात उभे होते, तेही खाली बघत राहिले.

तेवढ्यात बोंडू हलला. एक एक पाऊल टाकत माझ्याकडे आला. उंबरठ्याच्या बाहेर थांबला, मान लांब केली आणि माझ्या कमरेच्या पिशवीला नाक लावलं. तसाच उभा राहिला. त्या दिवशीचं त्याचं राहिलं होतं ना. काम करून आला आणि तुकडा कुणी दिलाच नाही. पेज, दूध, अंडं, सगळं दिलं, त्याचं कमावलेलं तेवढं नाही दिलं.

माझा हुंदका फुटला तो आवरेचना. रडत रडतच मी बांगड्याचा तुकडा काढला. "मीठ झोंबेल त्याला," ईशा म्हणाली. किती दिवसांनी ऐकले असं वाटावं, असे तिचे ते शब्द. तिनं तुकडा पाण्यात भिजवला, पाणी बदललं, पुन्हा भिजवला. मी काटे काढले, बोटांनी चुरला आणि पेजेत कालवून हातावर धरला. बोंडूनं हुंगलं. जीभ बाहेर काढली. दुखत असणार, थांबला. मग चाटलं. मग आणखी चाटलं. माझा तळहात चाटून पुसून स्वच्छ केला आणि पुन्हा पिशवीकडे बघितलं.

"खाल्लंन!" हे खळ्यातून ओरडले. एसटीच्या हॉर्नसारखे. "अगो, खाल्लंन त्यानं!"

ईशा हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. माझ्याशी मात्र लगेच बोलली नाही. बोलेल, तिच्या मनात येईल तेव्हा. वाटी धुऊन ठेवली आणि आत जाता जाता म्हणाली, "पडवीत वारा लागतो. आजपासून हा आत झोपेल. कुकीचं मी बघते."

"हो," मी म्हटलं. "बोंडू, ये. आत ये, बाबा."

तो आला नाही. मी दोन पावलं मागे सरकले, पिशवी दाखवली, हाक मारली. त्यानं वर धरलेला पुढचा पाय उंबरठ्यावर नेला आणि मागे घेतला. मान खाली गेली, पाठ वाकली, शेपूट पायांत गेली. त्याच्या अंगातून कापरं जायला लागलं. दाराआड केरसुणी उभी होती, तिच्याकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघत होता.

पेटत्या भुईनळ्यावर धावून जाणारा माझा कुत्रा माझ्या दारात उभा राहून थरथरत होता. ईशा आतून बघत होती. मी केरसुणी उचलून खळ्यात लांब फेकली, त्याच्याजवळ खाली बसले, पण तो आत यायला धजला नाही. शेवटी मी त्याला दोन्ही हातांनी उचलला आणि आत नेला.